आत्याचा मान

“आत्या, उठू नकोस! लोक काय म्हणतील?”

सेमिसीने खांदा धरून तिला पुन्हा चटईवर बसवले, आणि लेसिएलीच्या अंतःकरणात सहा महिने धुमसणारा संताप भडकन पेटला. रविवारची चर्चची घंटा झाली होती, भजनाचा पोशाख करून ती उंबऱ्यापर्यंत आली होती... आणि आई गेलेल्या ज्या तान्ह्याला तिने छातीशी धरून वाढवले, ज्याच्यासाठी लग्नाचा विचारही पुसून टाकला आणि खोबऱ्याच्या भट्टीच्या धुरात वीस वर्षे फुप्फुसे करपवली, तोच आज वाट अडवून उभा होता!

आमच्या टोंगा बेटांवर बापाच्या बहिणीचा मान सर्वांत मोठा. तिने बसायचे, इतरांनी राबायचे. सहा महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या बाईने बजावले होते, ‘रोज चाला, धाप लागली की थांबा, पुन्हा चाला. आणि गाणे सोडू नका!’ सेमिसी आणि त्याच्या बायकोने माना डोलावल्या, आणि घरी येऊन काय केले? आणखी एक उशी आणली!

“आत्याबाई,” सून फिफिता काकुळतीने म्हणाली, “तुम्ही धापा टाकत रस्त्याने निघालात, तर माझ्याच नावाने बोंब होईल. म्हणतील, सुनेने म्हातारीला हाकलली! गाडी आहे ना दाराशी.”

“गाडीला चाकं आहेत गं, मला पाय आहेत!” लेसिएली कडाडली. मध्येच श्वास अडला. ती थांबली, पण डोळ्यांतला अंगार विझला नाही. “आधी मी विहिरीपर्यंत जायची... आता न्हाणीपर्यंत जाताना दम लागतो. अर्धा श्वास धुराने नेला, उरलेला तुमच्या मानाने!”

सेमिसीचे डोळे भरून आले. “तुला वाटेत काही झालं तर? आई तर मला आठवतही नाही... तूही गेलीस तर...”

“मी जिवंत आहे, मेल्या! आत्ताच कसला रडतोस?” ती भिंतीला धरून उभी राहिली. “सांग, आत्याचा शब्द या घरात मोडता येतो?”

त्याने मान खाली घातली. “नाही.”

“मग किल्ली बायकोकडे दे. तू माझ्याबरोबर पायी चल. आणि माझा हात धरायचा नाही!”

गरम पेज फुंकावी तसा ओठांचा चंबू करून ती हळूहळू श्वास सोडत चालली. दहा-बारा माडांमागे एकदा थांबे. शेजारचा कुणीतरी कुंपणावरून ओरडलाच, “काय रे सेमिसी, पेट्रोल संपलं का? आत्याला पायी काढलीस ती!”

सेमिसी लाजेने लालबुंद झाला. क्षणभर त्याने आत्याकडे पाहिले... घामाने डवरलेला, रागाने ताठ, पण किती तेजस्वी तो चेहरा!

“पेट्रोल भरपूर आहे,” तो म्हणाला. “आत्या गायला निघालीय.”

“हे सहा महिन्यांपूर्वी बोलला असतास तर जीभ झडली असती का?” ती फणकारली, पण पुढचे पाऊल तिने जरा त्याच्या अंगाने टाकले.

ती दोघे पोहोचली तेव्हा भजन सुरू झाले होते. पुढची मानाची जागा ओलांडून लेसिएली थेट गाणाऱ्या बायकांत जाऊन उभी राहिली. परमेश्वराला हाक मारणारी ती लांबलचक ओळ... तिचा सूर चढला, थरथरला, आणि मध्येच तुटला! सेमिसी बाकावरून ताडकन उठला. शेजारणीने सूर तसाच उचलून धरला होता. आत्या डोळे मिटून, ओठ आवळून श्वास सोडत होती.

सेमिसी खाली बसला. पुढच्या ओळीला ती पुन्हा सर्वांच्या सुरात मिसळली, आणि तो तोंडावर हात दाबून हमसाहमशी रडू लागला.