वीस लाख पावलं

“ताईचा पाय मोडलाय. आजच बघता का?”

दारात तो धापा टाकत उभा होता. मी म्हटलं, “अहो, दवाखाना पुढच्या चौकात. इथे लॅबमध्ये आम्ही लोखंड, लाकूड असलं काहीबाही किती ताण सोसतं ते मोडून बघतो.”

“म्हणूनच तर आलो…” त्याने पिशवीतून एक कृत्रिम पाय काढून माझ्या टेबलावर ठेवला. घोट्यातली धातूची पट्टी दुभंगली होती. तो असे पाय बनवायचा. हा त्याने स्वतःच्या बहिणीसाठी केलेला. ती खेळाची शिक्षिका. मैदानात मुलींसमोरच कोसळली होती.

मी तुटलेली कड भिंगाखाली धरली. “या, बघा. वाळूवर लाटांच्या रेषा उमटतात ना, तशा दिसतायत?”

तो वाकला. त्याच्या शर्टाला लाकडाच्या भुशाचा वास होता. “दिसतायत. म्हणजे काय?”

“पट्टी एकदम तुटलेली नाही. या काटकोनी कोपऱ्यात सगळा ताण गोळा व्हायचा. प्रत्येक पावलागणिक चीर थोडी पुढे सरकली.”

त्याने तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, “ती रोज माझ्यासमोर चालत होती… आणि मला कळलंच नाही.”

मी कोपऱ्याला गोलाई द्यायला सांगितली. नवी पट्टी त्याने चार दिवसांत आणली. आमच्या यंत्राने ती दाबायला सुरुवात केली, सेकंदाला एक पाऊल. वीस लाख टिकली, तर पास.

तो रोज संध्याकाळी यायचा. “आज कुठवर पोचलो?”

“तुम्ही बसूनच आहात. पट्टी पाच लाखांवर पोचलीय.”

“ताण दिसतो का हो? डोळ्यांनी?”

“नाही. पण आकार किंचित बदलतो, त्यावरून ओळखता येतो.”

“माणसाचाही?”

मी आकडे लिहायला घेतले. चुकीच्या रकान्यात लिहिले.

नवव्या दिवशी पट्टी मोडली. या वेळी स्क्रूच्या भोकापाशी. ते भोक मी नीट तपासलंच नव्हतं. “काही होत नाही हिला,” असं छातीठोकपणे सांगून बसले होते! तो आला तेव्हा मी मोडलेली पट्टी त्याच्यापुढे ठेवली.

“चूक माझी आहे,” मी कसंबसं म्हटलं.

त्याने दोन्ही तुकडे हातात घेतले. “मोडली खरी… पण इथे मोडली. ताईच्या पायाखाली नाही.”

त्या क्षणी मी कामातून गेले, ते गेलेच.

मग त्याने आणलेल्या नव्या पट्टीवर आम्ही दोघांनी मिळून ताण मोजायच्या चिमुकल्या चकत्या चिकटवल्या, बोटाला बोट लागत. जिथे ताण सगळ्यात कमी, तिथे भोक पाडलं. तेवीस दिवसांनी आकडा वीस लाखांवर गेला. पट्टी शाबूत!

शनिवारी त्याची ताई स्वतः आली. नवा पाय लावून तीन जिने चढली, आणि वर पोचल्यावर म्हणाली, “हा घरी फक्त तुमच्या भिंगाबद्दल बोलतो. भिंग बरं दिसतं की!” आणि खिदळत परत खाली उतरली.

तो कानापर्यंत लाल. “पाय तर झाला… आता मी… उद्या कशाला येऊ?”

“उद्या रविवार. लॅब बंद असते,” मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला.

“म्हणून उद्या काही न मोडता, नुसताच ये.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्याला ‘या’ म्हटलं नव्हतं. त्याच्या ते लक्षात आलं.

“येतो,” तो म्हणाला, “तू कुठे भेटशील?”