सुईतून पडलेलं कार्ड

मानोऱ्याच्या कापसाच्या जिनात सकाळी इंजिन धडधडलं, पण सरकी काढणारा एकही रेचा फिरेना. इंजिनापासून रेच्यांपर्यंत जाणारा नवाकोरा कातडी पट्टाच गायब होता.

फौजदार मारोतराव इंगोले पोचले, तेव्हा चोरही तयार होता. हेमसिंग, जवळच्या तांड्यातला कामगार, खांबाला बांधलेला. समोर त्याची बायको रुपाबाई उभी होती, तीही जिनातच कामाला. तिनं दोनदा दोरी सोडली होती. दोनदा मुकादमानं पुन्हा बांधली होती.

"याले कोनं पकडलं?" मारोतरावांनी विचारलं.

"सुईनं," मॅनेजर नानाजी म्हणाले. अडकित्त्यात सुपारी धरून त्यांनी ती कडकन फोडली. "मुंबईची पद्धत हाये, साहेब. मालकानं आनली."

कारकून शालिग्रामनं गठ्ठा आणला. प्रत्येक कामगाराचं एक जाड कार्ड. वरच्या कडेला भोकांची रांग, दर भोकाला एक प्रश्न. रेच्यावर काम येतं का? गाडीबैल आहेत का? आधी चोरीत सापडला होता का? उत्तर 'नाही' असेल तर भोक तसंच राहायचं. 'हो' असेल तर पंच नावाच्या लोखंडी चिमट्यानं ते कडेपर्यंत कापून खाच करायची.

शालिग्रामनं चोरीच्या भोकातून लांब सुई घातली आणि गठ्ठा उचलला. 'नाही'वाली कार्डं सुईला लटकली. एकच कार्ड खाली पडलं.

हेमसिंगचं.

"आधी कुठी सापडला होता?"

"कुठीच नाई, साहेब."

"मंग कार्ड खोटं बोलते काय?"

"बोलते!" उत्तर रुपाबाईनं दिलं. "तांड्यातला म्हनून बांधला तुमी. सुईले डोये हायेत काय? ज्यानं भोक कापलं त्याले इचारा!"

"पंच कोनापाशी असते?" मारोतरावांनी विचारलं.

"माझ्याकडेच," शालिग्रामचा चेहरा उतरला. "पण ही खाच मी केली नाही."

"चोराले सामील असंन," नानाजी म्हणाले.

मारोतराव फाटकावर गेले. राखणदार लखमाला त्यांनी विचारलं, "रात्री काय बाहेर गेलं?"

"काईच नाई. पट्टा काई खिशात मावत नाई. माह्या नजरेतून कसा सुटंन?"

"आन् जिनाचं कुलूप?"

"साबूत. सकायी नानाजीनंच किल्लीनं उघडलं."

परत येऊन मारोतरावांनी हेमसिंगचं कार्ड उन्हात धरलं. बराच वेळ पाहिलं. मग शालिग्रामला एक कोरं कार्ड पंचानं कापायला सांगितलं.

"नानाजी, जरा अडकित्ता द्या."

"सुपारी पाह्यजे काय, साहेब?"

त्याच कोऱ्या कार्डाची कड मारोतरावांनी अडकित्त्यात धरली आणि दाबली. मग दोन्ही कार्डं सगळ्यांना दिसतील अशी वर धरली.

"पंचाची खाच चौकोनी येते. हेमसिंगच्या बाकी खाचा चौकोनी हायेत, आन् हात लागून लागून कायपटल्या. चोरीची खाच तेवढी गोल. आतला कागद अजून पांढराफेक, म्हंजे ताजी. आन् कडेले सुपारीचा तांबूस डाग. आता अडकित्त्यानं कापलेलं पाहा. तशीच गोलाई, तसाच डाग. शालिग्रामच्या खिशात पंच असताना तो अडकित्ता काहून वापरंन? ज्याच्यापाशी पंच नाई, त्यानंच हे केलं."

"अडकित्ता गावात शंभर जनापाशी हाये," नानाजी हसले. पण हात पुढे करून त्यांनी अडकित्ता मागितला नाही.

"हाये ना. पन कुलूप तुटलं नाई, म्हंजे चोरापाशी किल्ली होती. फाटकातून काई गेलं नाई, म्हंजे पट्टा आतच हाये. आत कुलपातली जागा एकच, सरकीची कोठी. तिची किल्ली कोनापाशी?"

सगळ्यांची नजर नानाजींच्या करगोट्याकडे गेली. तिथे किल्ल्यांचा जुडगा लटकत होता.

"सुईनं माहं कार्ड कुठी पाडलं?" नानाजी ओरडले.

"कार्डं मजुरायची. तुमचं कार्डच नाई, तं पडंन कसं?"

कोठी उघडली. सरकीच्या ढिगाखाली पट्टा गुंडाळून ठेवलेला निघाला. केनवडच्या एका व्यापाऱ्याशी सौदा ठरला होता, हे नानाजींनी बेडी पडल्यावर कबूल केलं. सरकीच्या गाडीत लपवून पट्टा निघून जाणार होता. तोवर कोणीतरी बांधलेलं दिसायला हवं होतं. तांड्यातल्या माणसावर लोकांचा लवकर विश्वास बसतो, म्हणून हेमसिंग.

शालिग्रामनं स्वतः दोरी सोडली. मान खाली घालून म्हणाला, "हेमसिंग, कापलेलं भोक काही बुजत नाही. तुझं नवीन कार्ड करतो."

"नवीन कायले?" रुपाबाई म्हणाली. "उद्या दुसरा कोनी कापंन. आन इकडं तो पंच."

तिनं पंच जवळजवळ हिसकावूनच घेतला. "चोरीचं भोक कोनतं? दाखव. अन् माहं कार्ड कोनतं?"

शालिग्रामनं दाखवलं. तिनं दात आवळून आपल्या कार्डावर खाच पाडली. मग पंच मागे उभ्या असलेल्या लखमाच्या हातात दिला. लखमा तांड्यातला नव्हता. त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि आपलंही कार्ड मागून घेतलं. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरी. जिनाच्या आवारात कट्कट् आवाज होत राहिला.

मुकादम धावत आला. "साहेब, थांबवा यायले! मालकाले काय सांगू?"

"कार्डं त्यायचीच हायेत," मारोतराव म्हणाले आणि टोपी नीट करून बाजूला उभे राहिले.

शेवटचं कार्ड गठ्ठ्यात गेलं. रुपाबाईनं सुई शालिग्रामपुढे धरली.

"आता घाल."

त्यानं सुई घातली आणि उचलली. सगळी कार्डं धपकन जमिनीवर पडली. वर राहिली ती नुसती सुई.

"सांग मालकाले," ती मुकादमाला म्हणाली. "आता निवड चोर."