रेडियमचे काटे

"गोट्यांना ताप आलाय काय?"

चिंचणीच्या वाडीमागच्या सुक्या ओढ्यात उकिडवा बसलेला माणूस दचकला. हातातली नळी गोट्यांवर धरलेली, गुडघ्याशी पेटी, आणि पेटीतून टक्... टक्... असा आवाज. नारळाची सुकी झापं ओढत निघालेल्या जयवंतीला हसू आवरेना.

"ताप नाही, युरेनियम बघतो," तो म्हणाला. "डोंगरातून वाहत आलं असलं तर गोट्यांत सापडतं, नाही तर किनाऱ्यावरच्या वाळूच्या खडकात. असलं की टकटक वाढते."

"मग वाढली?"

"आत्ता थोडी वाढली... पण ती पेटीतली नाही."

ती झापं ओढत तरातरा निघून गेली. कान लाल झाले ते झालेच.

प्रभाकर देवतळे सरकारी भूवैज्ञानिक, मूळचा वर्ध्याचा. गोटे भरायच्या त्याच्या पिशव्या सारख्या फाटायच्या आणि जयवंतीकडे शिलाईचं मशीन होतं, एवढं कारण पुष्कळ झालं. एकोणऐंशी सालच्या त्या हिवाळाभर ती मांजरपाटाच्या पिशव्या शिवत राहिली आणि त्यांवर लाल दोऱ्याने आकडे काढत राहिली. एकदा तो चहाला आला, तर फळीजवळ ठेवलेली पेटी एकदम तडतडू लागली. तिचे वडील, अण्णा, घाबरले.

"अण्णा, तुमच्या गजराच्या घड्याळाच्या काट्यांना रेडियम लावलंय," देवतळे हसला. "त्याचा हा प्रताप. म्हणून आमचा नियम, काहीही वाजलं तरी तीनदा मोजायचं, मगच लिहायचं."

"म्हंजे खजिना माज्याच घरात," अण्णा म्हणाले. "खनू नका म्हंजे झालं."

होळी जवळ आली तेव्हा पिशव्या मोजून घेता घेता तो म्हणाला, "काही सापडलं तर मुक्काम वर्षभर वाढेल. नाही तर... तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हननार," जयवंती म्हणाली आणि तिने दातांनी दोरा तोडला. जा म्हणवत नव्हतं, आणि थांबा म्हणायची लाज वाटत होती. खुळी कुठली.

म्हणून तिने भलतंच केलं. शेवटचं मोजमाप राहिलेला गोट्यांचा ढीग वाडीतच होता. त्याच्या पोटात तिने फडक्यात गुंडाळून घड्याळ पुरलं. संध्याकाळी देवतळेने नळी धरली मात्र, कढईत लाह्या फुटाव्यात तशी पेटी तडतडली. त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, पहिल्यांदाच, आणि बराच वेळ सोडला नाही. मग एकदाच मोजलेला आकडा वहीत लिहून साहेबांना फोन करायला सायकल दामटत बोईसरला गेला. तिने घड्याळ काढून फळीवर ठेवलं. आनंदाने तिला जेवणही गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब जीप घेऊन आले. त्यांनी ढीग तीनदा मोजला. टक्... टक्...

"देवतळे, आकडा मनाने लिहिलात का?"

सगळी वाडी जमली होती. देवतळे गोंधळून इकडेतिकडे बघत राहिला. एका वाक्याचं काम होतं. पण शेजारी अण्णा उभे होते, आणि जयवंती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

निघायच्या दिवशी तो उरलेल्या पिशव्या परत द्यायला आला. घड्याळ बंद पडलंय, अशी कुरकुर करून अण्णा पाणी आणायला आत गेले. त्याने सहज घड्याळ हातात घेऊन हलवलं. मागच्या फटीतून ओढ्याची भरड वाळू त्याच्या तळहातावर पडली. त्याने ती बोटाने चाळवून पाहिली.

"घड्याळ लपवलंत, त्याचं काही नाही," तो हळूच म्हणाला. "मीही तीनदा मोजलं नाही. मलाही राहायचंच होतं. पण साहेबांनी विचारलं, तेव्हा तुम्ही तिथेच होता."

"मला... अण्णा होते..."

"पुढच्या आठवड्यात आईला घेऊन येणार होतो. अण्णांना विचारायला."

"होतो?"

त्याने घड्याळ जपून फळीवर ठेवलं. "आता तुमची आठवण आली की तुमचं ते गप्प राहणंच आठवेल, जयवंती."

तिचं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं, तेही असं.

जीप वळणाआड गेली. जयवंती कुंपणाशी उभी होती. धुरळा खाली बसला तेव्हा ती म्हणाली, "जाऊ नका." चांगलं मोठ्याने म्हणाली. म्हणायला काहीच कठीण नव्हतं.

"कोनाला बोलतेस गं?" आतून तिच्या आईने, माईने, विचारलं.

"कोनाला नाय."