डोळा मारू नका!

"अहो... डोळा मारताय तुम्ही!"

कुंपणाच्या भिंतीपलीकडून आवाज आला आणि मी शिडीवरून पडता पडता राहिले. खाली शिडी धरून बाबा, वर मी, हातात झाड छाटायची कात्री. पलीकडे एक अनोळखी माणूस, नाकावर चष्मा आणि हातात टूथब्रश.

"कोण मारतंय डोळा?" बाबा गरजले.

"या काय, शिडीवरच्या! मघापासून बघतोय. शंभर तरी मारले असतील."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की... आई गं!

मग उलगडा झाला. काडीवर जिथून पान नाहीतर फूल फुटतं, त्या गाठीला बागवाले डोळा म्हणतात, आणि माझी कात्री नेमके तेच मारत होती. हा आमचा नवा शेजारी. धंदा चष्म्यांचा, पण लहानपण गेलेलं पीचच्या बागेत.

"जाड डोळा फुलाचा, बारीक डोळा पानाचा," तो भिंतीवर कोपरं टेकून म्हणाला. "पीचला फळ धरतं ते गेल्या वर्षी फुटलेल्या काडीवर. नेमक्या त्याच काड्या तुम्ही उडवताय. दरवर्षी असंच छाटता?"

"मग? टोकं एकसारखी नकोत?"

"शिकवलं कुणी?"

मी मान ताठ केली. "पार्लर आहे माझं. माझ्यासारखा हेअरकट इथे कुणी करून दाखवावा!"

"तरीच! झाडाचा बॉयकट झालाय."

बाबा हसले. शिडी सोडून हसले! मला मात्र हसू येईना. रोप मी लावलं, चार वर्षं पोटच्या पोरासारखं जपलं, आणि फळ एक नाही. बाबांनी बजावलं होतं, या उन्हाळ्यात पीच दिसला नाही तर झाड तोडून तिथे गाडीला शेड.

अर्धं झाड तर मी भादरलंच होतं. उरलं होतं फक्त भिंतीकडचं अर्धं.

"येऊ का पलीकडे? मी करून देतो," तो म्हणाला.

"झाड माझं आहे. तुम्ही तोंड चालवा, हात माझाच चालेल."

"बरं बाई! मधली दाटी काढा, आत ऊन जाऊ दे. आता ती काडी... बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप. ती नाही हो, शेजारची... हां! वा, हात काय हलका आहे तुमचा..."

मी लाजले-बिजले नाही. कान तेवढे तापले.

फुलं आली. अर्धं झाड गुलाबी, अर्धं टकलं! अख्खी गल्ली बघून हसून जायची. मग सुपारीएवढी फळं धरली, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "विरळ करा. दोन फळांत वीतभर अंतर."

"चार वर्षांनी धरलेली फळं तोडू?"

"सगळी ठेवलीत, तर धड एकही होणार नाही."

रडत रडत तोडली. प्रत्येक फळामागे त्याला एक शिवी. आणि वीत बरोबर आहे का, हे तो माझा पंजा स्वतःच्या पंजाला लावून बघायचा. मापाच्या नावाखाली हं! मीही मग माप मुद्दाम चुकवायचे...

फळं पिकली, फांदी वाकली आणि सरळ भिंतीपलीकडे गेली.

"बघ," बाबा शिडी धरून म्हणाले, "फळं त्याच्या अंगणात. आपल्याकडे टक्कल. शेड बांधायची ना?"

पहिला पीच तोडून त्यांच्या हातावर ठेवला. ते चावले. रस कोपरापर्यंत ओघळला. मग नाक ओढत म्हणाले, "माझ्या पोरीच्या हातचा आहे. गाडी भिजली तर भिजू दे."

"हात त्यांचाच, काका," पलीकडून आवाज आला. "मी नुसती बडबड केली."

"ते कळतंय रे. फळं तर गेली तिकडे. पोरगी तरी इकडे राहणार आहे ना?"

चष्मा घसरला त्याचा. "काका, तेच... विचारायचं होतं..."

"मला काय विचारतोस? कात्री तिच्या हातात आहे."

तो माझ्याकडे वळला. एवढा बोलघेवडा माणूस, पण चष्माच सावरत बसला. "मग... तुम्ही... म्हणजे तू...?"

मी बाबांच्या देखत, शिडीच्या वरच्या पायरीवरून, झकास डोळा मारला. या वेळी खराखुरा.

बाबांनी पुन्हा शिडी सोडली. पण पलीकडून दोन हातांनी ती केव्हाच धरली होती.