घरटी एक माणूस

१९९७ साल. वीज गेली म्हणून आम्ही मुलं बिल्डिंगच्या पायऱ्यांवर बसलो होतो. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप चालवणारे देवजीआजोबाही होते. ते खाडीकाठच्या सारसोळे गावचे. त्यांच्या पुतण्याची पाच वर्षांची शर्मिला त्यांच्या मांडीवर झोपली होती.

"आजोबा, भुताची सांगा ना. पण खरी हां, फेकू नका," जुनैद म्हणाला.

"खोटी मला येतच नाय रं. हिच्या बापाची हाय. नामदेवची."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

चार जानेवारी १९९२. शनिवार, अमावस्या. नुकतीच ग्रामपंचायत संपून महापालिका आली होती. पंचायतीचं लोखंडी कपाट टेम्पोतून गेलं. दवंडी देणारा शिपाई मारोती तर आदल्या पावसाळ्यातच वारला होता.

पंचायत होती तेव्हा उधाणाने खाडीचा बांध फुटला, की मारोती डबा वाजवत गल्लीगल्लीतून फिरायचा, "घरटी एक मानूस होऽऽ!" मग प्रत्येक घरातून एकाने टोपली घेऊन बांधावर जायचं, चिखल टाकायचा. घरात कोणी आजारी असो, बाळंतीण असो, माणूस द्यावाच लागे.

"आता पालिका आली. टोपली सुटली एकदाची," नामदेव हसत म्हणाला होता.

त्या संध्याकाळी तो सायकलवरून बेलापूरला गेला. बायकोला, गोजराला, नववा महिना होता. तिचं औषध आणायचं होतं. येताना चाक पंक्चर झालं. सायकल ढकलत तो गावाशी पोचला तेव्हा पावणेबारा वाजले होते.

पुढे अंधारात डबा वाजला.

ठण्... ठण्...

"घरटी एक मानूस होऽऽ!"

आवाज मारोतीचा होता.

डब्यामागे माणसं चालली होती. डोक्यावर टोपल्या. कोणी बोलत नव्हतं. शेवटी शेजारची वेणूबाई होती. दोन वर्षांपूर्वी तिला नामदेवनेच खांदा दिला होता.

मग त्याला सगळेच ओळखू आले. प्रत्येक घराने आपलं गेलेलं माणूस पाठवलं होतं.

नामदेवचं घर नवीन होतं. त्या घरातून अजून कोणी गेलंच नव्हतं...

त्याने सायकल टाकली. धावला.

दार उघडं होतं. उंबऱ्यात गोजरा. कमरेवर टोपली. डोळे मिटलेले.

त्याने तिला आत ओढलं. कडी लावली.

ठण्... ठण्...

आवाज दाराशी आला. थांबला.

"मारोतीकाका, तिला सोडा!" नामदेव ओरडला. "आमच्या घरचा मी येतो!"

बाहेर काहीच नाही.



मग अगदी दाराला तोंड लावून कोणी बोललं,

"तुमच्या घरचं कवाच आलंय."

गोजरा किंचाळली. तिला कळा सुरू झाल्या होत्या.

पहाटे चारला मुलगी झाली. जिवंत. रडलीसुद्धा. पण तिची उजवी मूठ काही उघडेना. दाईने ती कोमट पाण्यात धरली, एकेक बोट सोडवलं.

आत खाडीचा काळा चिखल होता.

आजोबांनी गोष्ट तिथेच संपवली. आम्ही सगळे शर्मिलाकडे बघत होतो. झोपेत तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

"उघड ना," मुस्कान माझ्या कानात म्हणाली.

मी हात पुढे केला नाही. कोणीच केला नाही.