समास, स्तंभ आणि लिओनेल

वर्तकनगरच्या शेअर रिक्षात संचिता फोनवर मैत्रिणीकडे मन मोकळं करत होती.

"अगं, ऑफिसच्या कोडमधला हा क्लास ज्याने लिहिलाय ना, तो भेटूच दे मला. वेबपेज मांडायचं तर कंसात नुसती आकड्यांची रांग द्यायची. रुंदी कुठली, समास कुठला, देव जाणे. एक आकडा इकडचा तिकडे झाला की मथळा थेट फोटोवर चढतो."

शेजारचा तरुण बाहेर बघत हसू दाबत होता. तिने फोन ठेवल्यावर तो हळूच म्हणाला, "चौथा आकडा समासाचा. आणि तो भेटलाय तुम्हाला... मी लिओनेल."

संचिताचे कान तापले. नोकरीचा तिचा पहिलाच आठवडा. लिओनेल नावाचा कुणी रजेवर आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

"मी सॉरी म्हणणार नाही," ती पुटपुटली.

"नका म्हणू. चहा पाजा."

चहा झाला, 'अहो'चं 'अरे' झालं, पण क्लास तसाच होता. कंपनी दिवाळी अंक ऑनलाइन काढून द्यायची. मागच्या खेपेला संपादक कमळाबाईंच्या डोळ्यांदेखत दोन स्तंभ एकमेकांत घुसले होते. आता शुक्रवारी त्या पुन्हा येणार होत्या, शेवटची संधी द्यायला.

"सगळं नव्याने लिहू," संचिता मीटिंगमध्ये म्हणाली. "प्रत्येक आकड्याला नाव देऊ. समासांचा एक गट, स्तंभांचा एक. जे सांगितलं नाही ते क्लासने नेहमीचं धरावं."

साहेब, म्हणजे सुदेश, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "चालतंय ते कशाला मोडायचं?"

"चालत नाहीये, सर," लिओनेल म्हणाला. "मीच लिहिलंय ते. ती बरोबर बोलतेय."

संचिताने चमकून त्याच्याकडे पाहिलं. आपल्याच कामाबद्दल इतक्या सहज असं बोलणारा माणूस तिने पाहिला नव्हता... काळजात काहीतरी हललं खरं.

मग दोघं शेजारी बसून लिहू लागले आणि भांडू लागले. समास, रुंदी अशा एखाद्या पर्यायाचं नाव चुकीचं टाइप झालं तर क्लासने दुर्लक्ष करावं, असं त्याचं म्हणणं. तिला ते मुळीच पटेना.

"तिथेच थांबून सांगायला हवं."

"इतकी कडक?"

"कडक नाही रे. मनात ठेवून गप्प बसणारे मला कळतच नाहीत."

तो तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग कीबोर्ड तिच्याकडे सरकवत म्हणाला, "तुझ्या मनासारखं होऊ दे."

शुक्रवारी कमळाबाईंनी पान पाहिलं आणि चष्मा पुसला. "मजकुराला श्वास घ्यायला जागा नाही. समास वाढवा बघू, आत्ता."

घाईत संचिताचं बोट चुकलं. पडद्यावर लाल ओळ उमटली: 'सामस' असा पर्याय नाही. 'समास' म्हणायचंय का? सुदेशसाहेबांनी डोळे मिटले. तिने अक्षर सुधारलं... आणि पान अलगद उघडलं; मजकूर मधोमध, दोन्हीकडे मोकळी जागा, स्तंभ जागच्या जागी.

"म्हणजे चूक कुठे झाली ते हे स्वतःच सांगतं?" कमळाबाई हसल्या. "मग आमची माणसंही चालवतील. यंदाचाच काय, पुढचे अंकही तुम्हीच करा."

साहेबांनी सगळ्यांसाठी जिलेबी मागवली. गडबडीतून दोघं गच्चीवर निसटले. पावसाची सर येऊन गेली होती. येऊरचे डोंगर धुऊन निघाल्यासारखे हिरवेगार दिसत होते.

"जिंकलीस," लिओनेल म्हणाला.

"जिंकलो. दोघं."

तो कठड्याचं पाणी बोटाने निपटत राहिला. "मम्मीने रविवारी जेवायला बोलावलंय तुला."

"मला? त्या ओळखतात मला?"

"रोज घरी जाऊन तुझंच सांगतो ना. ती म्हणाली, एवढी आवडते तर घेऊन ये—" तो अडखळला. मानेपर्यंत लाल झाला.

संचिताला हसू आवरेना. "हे मम्मी म्हणाल्या. तू काय म्हणतोस?"

"आवडतेस. फार."

तिने त्याचं ओलं बोट आपल्या मुठीत धरलं. "मग मम्मींना सांग, मी येतेय. आणि रविवारपर्यंत वाट कोण बघणार? चल, आज मला डोंबिवलीपर्यंत सोडायला ये. माझी आईही घरीच आहे."