फॉर्मवरचा नंबर

माझा चेंडू मैदानाची भिंत ओलांडून केळीनं भरलेल्या एका टेम्पोत जाऊन पडला आणि माझ्या डोळ्यांदेखत वेफर्सच्या कारखान्याकडे निघून गेला. मी "अहो… अहो भाऊ!" करत रस्त्यावर धावले. टेम्पोवाल्यानं आरशात मला नक्की पाहिलं होतं. कारण तो हसला… आणि गेला!

दुसऱ्या दिवशी पहाटे, भुसावळच्या त्याच मैदानावर, तो भिंतीला टेकून उभा. एका हातात माझा चेंडू, दुसऱ्या हातात केळीची फणी.

"तुन्हाच शे ना हाऊ चेंडू?"

"माझाच. आणि काल थांबायला काय झालं होतं?"

"ब्रेक मारता ते बठ्ठा माल खाले पडी जाता." मग जरा थांबून, पायानं माती उकरत — "आन् खरं सांगू… थांबता, ते आज येवाले काय बहाना व्हता?"

मी चेंडू हिसकावून घेतला. कान तापले होते, पण ते जानेवारीच्या थंडीतही धावून धावून तापतातच, असं मी स्वतःला सांगितलं.

"आणि ही फणी?"

"तुन्हा चेंडूनी चेंगरी टाकी. आते व्यापारी घेवाव नही. तुलेच खानी पडी."

केळी चेंगरलेली अजिबात नव्हती. मी दोन खाल्ली.

हा हितेंद्र. चोपड्याजवळ घरची केळीची बाग, टेम्पोही घरचाच. आणि मी दिपमाला, वय तेवीस, डावखुरी. फुटबॉलच्या संघात डावीकडून बचाव सांभाळते. राहायला दीपनगरला, कारण वडील, म्हणजे नाना, तिथल्या वीज केंद्रात कामाला. आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. आई ती झटकता झटकता म्हणायची, "या पोरीचे मोजे काही पांढरे राहायचे नाहीत."

टेम्पो मग आठवड्यातून तीनदा मैदानावरून जायला लागला. भिंतीपलीकडून दोन छोटे हॉर्न वाजायचे, आणि आमच्या संघातल्या पोरी एका सुरात ओरडायच्या, "दिपा, केळी आली!" मी लटकं रागवायची आणि पुढचा पास हमखास चुकवायची. रूपाली मॅडम, आमच्या प्रशिक्षक, एकदा शिट्टी थांबवून म्हणाल्या, "त्या टेम्पोला एक तर संघात घ्या, नाही तर रस्ता बदलायला सांगा."

त्याची एक गंमत माझ्या लवकरच लक्षात आली. माझ्याशी तो खानदेशी बोलायचा, मोकळं, चिडवत, हसत. पण पोलिसानं गाडी अडवली की, घरी उशीर का झाला ते सांगायचं असलं की, म्हणजे थोडक्यात थाप मारायची असली की गडी एकदम शुद्ध मराठीवर यायचा. "साहेब, कागदपत्रं घरी राहिली आहेत." मी पोट धरून हसायची. मला वाटायचं, किती सोपा माणूस आहे हा!

फेब्रुवारीत त्यानं सगळ्या संघाला बागेत भरीत खायला बोलावलं. काट्याकुट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, वरून कांद्याची पात. मी त्याच्या शेजारी बसले होते — अगदी शेजारी नाही, मध्ये एक पाण्याची कळशी होती. त्यानं पहिला घास मोडला आणि त्याचा फोन वाजला. हातातला घास तसाच ताटात टाकून तो उठला. तासाभरात कटाईवाले आले, कोयते चालले, घड खांद्यावरून गाडीत गेले. तो परत आला तेव्हा भाकरी गार होऊन कडक झाली होती.

"जेवून नसतं का 'हो' म्हणता आलं?" मी विचारलं.

"व्यापारीना फोन ऊना की तासमा 'हो' म्हणनं पडस, दिपा. नही ते गाडी शेजारीना बागमा." तीच भाकरी चावत तो म्हणाला, "माल थांबत नही. पिकी जास."

मला ते फार आवडलं. उन्हातान्हात उभा राहणारा, फोनची किंमत कळणारा माणूस. त्या दिवशी कळशी बाजूला सरकवून मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आते माले खरंच भूक नही."

मार्चमध्ये दक्षिण आशियाई महिला स्पर्धेसाठी निवड चाचणी झाली. स्पर्धा काठमांडूला, आपला संघ निळ्या जर्सीत. फॉर्म भरताना मी संपर्काच्या नंबराशी अडले. याआधी दोनदा मी माझा नंबर दिला होता, आणि दोन्ही वेळा मी मैदानावर असताना घरी ठेवलेला माझा फोन नानांनी उचलला होता. दोन्ही वेळा त्यांनी सांगून टाकलं होतं, "ती आता खेळत नाही." जेवताना मलाही तसंच सांगितलं होतं, वरण वाढून घेता घेता. त्यांचं म्हणणं सरळ होतं — तेवीस वर्षांची झाली, पुरे झाला चेंडू.

म्हणून त्या रकान्यात मी हितेंद्रचा नंबर लिहिला.

"मन्हा नंबर? देशना फॉर्मवर?" त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. त्या दिवसापासून तो फोन नजरेआड होऊ देईना. आंघोळीला गेला तरी खिडकीत ठेवायचा. यादी आली. मुख्य संघात मी नव्हते, पण राखीव यादीत होते, पहिल्या नावावर. कुणाला लागलं, कुणी आजारी पडलं, तर फोन येणार होता.

एप्रिलमध्ये, लग्न करायचंय असं त्यानं घरी सांगितलं, मी घरी सांगितलं. आश्चर्य म्हणजे कुणीच आडवं आलं नाही. दोन्हीकडे मूळची शेतकरी घरं, ओळखीतली माणसं निघाली. त्याचे वडील जीवराम आबा म्हणाले, "धोंड्याचा महिना लागायच्या आत सुपारी फोडून टाकू." अधिकमास एकदा लागला की महिनाभर शुभकार्य नाही. मे महिन्यातला शेवटचा मोकळा रविवार धरला. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग धोंडा येवो नाही तर आणखी काही. नाना इतके खूश झाले, की एरवी ज्यांना हातही लावला नसता ते माझे खेळाचे बूट त्यांनी स्वतःच्या हातानं उन्हात ठेवले.

रविवारच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी मी हितेंद्रला फोन केला.

"काय चाललंय?"

"काही विशेष नाही," तो म्हणाला. "घरी जरा तयारी चालू आहे. तू काळजी करू नकोस."

शुद्ध मराठी! मी हसले. मला वाटलं, नवरदेव घाबरला… आणि मी वेडी आरशासमोर साडी लावून पाहत बसले.

रविवारी आमच्या क्वार्टरमध्ये माणसं मावत नव्हती. बाहेर पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, आत कूलरची घरघर. पाटासमोर ताटात विड्याची पानं, त्यांवर सुपारी. शेजारी अडकित्ता. रूपाली मॅडम आल्या, त्या मला हाताला धरून सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. चेहरा मात्र सामना हरल्यावर व्हायचा तसा. "लग्नासाठी नाही म्हणालीस, तुझी मर्जी. पण मला एक फोन करायला काय झालं होतं?"

"कशाला नाही म्हणाले मी?"

मॅडमांनी माझा हात सोडला. मग एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं. शुक्रवारी दुपारी देशाच्या संघाच्या कॅम्पमध्ये एका मुलीचा गुडघा गेला. डावीकडची बचावपटू. राखीव यादीतलं पहिलं नाव माझं. फॉर्मवरच्या नंबरावर फोन गेला. पहिल्याच रिंगला उचलला. "विचारून कळवतो," असं कुणीतरी सांगितलं. शनिवारी पाचपर्यंत होकार हवा होता. नंतर त्या नंबरानं फोनच घेतला नाही. उत्तर नाही म्हणजे नकार, असं धरून बोलावलेली दुसऱ्या नावाची मुलगी आज सकाळी कॅम्पला पोहोचली, तेव्हा कुठे मॅडमांना कळलं.

मी मागच्या दारानं बाहेर आले. हितेंद्र टेम्पोतून केळीचे घड उतरवत होता. व्याह्यांच्या घरी पाठवायचे म्हणून सगळ्यांत चांगले निवडलेले.

"शुक्रवारी फोन आला होता?"

"दिपा, आत सगळे बसले आहेत. आपण हे नंतर बोलू या का?"

"तुझ्या भाषेत सांग."

त्यानं घड खाली ठेवला. 

"ऊना व्हता," तो म्हणाला.

"मग?"

"आबा म्हणनात, पोर महिनाभर कॅम्पले गयी ते सुपारी राही जाई. वर धोंडा. मंग तू काठमांडूले जाशी, टीव्हीवर दिसशी… केळीवाला कसाले पाहिजे व्हता तुले?" त्याचे डोळे भरले होते. "एकच दिन, दिपा. माले वाटनं, सुपारी फुटी की लगेच सांगसू."

"व्यापाऱ्याचा फोन आला असता, तर एक दिवस थांबला असतास?"

 मला त्याला मारावंसं वाटत होतं. आणि त्याच्या केळीच्या डागांच्या शर्टात तोंड खुपसून रडावंसंही वाटत होतं. प्रेम असं एका मिनिटात उतरत नाही हो, उतरलं असतं तर किती बरं झालं असतं!

तेवढ्यात नाना दारात आले. मॅडमांचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं असावं. त्यांनी हितेंद्रच्या पाठीवर थाप मारली आणि हसत म्हणाले, "बरं केलंत जावईबापू. माझं काम वाचवलंत."

दोघं शेजारी शेजारी उभे होते. एकानं निदान जेवताना माझ्या तोंडावर सांगितलं होतं. दुसऱ्याचा नंबर मी फॉर्मवर दिला होता, तो या पहिल्याच्या हातून सुटावं म्हणूनच.

मी आत गेले. जीवराम आबांनी अडकित्ता हातात घेतला होता. मी वाकले, सगळ्यांना वाटलं पाया पडतेय. मी ताटातली सुपारी उचलली.

"आबा, ही फोडू नका."

मग जे व्हायचं ते झालं. नानांचा आवाज चढला, आबांची माणसं उठली, कुणीतरी कूलर बंद केला.  आईनं मात्र नुसत्या पानांचं ताट उचललं आणि आत नेलं. हितेंद्र दारात उभा होता. त्यानं एकदा फक्त "दिपा…" म्हटलं. मी वळले असते तर राहिले असते, म्हणून वळले नाही.

काठमांडूचे सामने मी मोबाइलवर पाहिले. माझ्या जागी आलेली मुलगी दुसऱ्या सामन्यात उतरली. छान खेळली. एकदा तिनं डावीकडून चेंडू काढून असा लांब मारला, की मी खाटेवरून उठून उभीच राहिले. मग बसले आणि खूप रडले.

आता पुन्हा चाचणी झाली आहे. फॉर्मवर या वेळी मी माझाच नंबर लिहिला. फोन मैदानावर सोबत नेते, मोज्यांच्या पिशवीत ठेवते. नाना त्याबद्दल काही बोलत नाहीत, आणि माझ्याशीही फारसं बोलत नाहीत.

हितेंद्रचा नंबर मी ब्लॉक केलाय. तर तो दुसऱ्यांच्या फोनवरून करतो. कधी कटाईवाल्याच्या, कधी वेफर्सच्या कारखान्यातून.  पिशवीत फोन वाजला की धावता धावता थांबते, अनोळखी नंबर दिसला की ओल्या हातानं उचलते. दर वेळी वाटतं, कॅम्प!

"दिपा…" परवाही तोच आवाज. "मी शे. दोनच मिनिटं बोलशी का?"

त्याच्या मागे केळीची पानं सळसळत होती. तो बागेत उभा असणार, डोक्याला उपरणं बांधून. मला सगळं दिसत होतं. मी एक श्वास घेतला, त्याचा श्वास ऐकला, तेवढाच.

"फोन ठेव, हितेंद्र," मी म्हणाले. "मला लाइन मोकळी पाहिजे."